भाजलेल्या भाज्यांचं सूप: ओव्हन, एअर फ्रायर, कढई की कुकर?

थंडीत बाहेरून आलं की हात गार, नाक लाल आणि डोक्यात एकच, काहीतरी गरम आणि घट्ट पाहिजे जे वाडगा दोन्ही हातात धरून पिता येईल. भाजलेल्या भाज्यांच्या सूपासारखं त्या वेळेला दुसरं काही नाही असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पण रेसिपी शोधायला जा, सगळीकडे सुरुवात तीच, ओव्हन २०० डिग्रीला तापवा, ट्रेमध्ये भाज्या पसरा आणि पाऊण तास विसरून जा. विसरून जा म्हणे! ज्याच्याकडे ओव्हन नाही त्याने काय करायचं, ज्याच्याकडे आहे पण घरी पोचायलाच आठ वाजतात त्याने काय करायचं, आणि एकट्यापुरतं दोन वाट्या सूप हवं असेल तर त्यासाठी अख्खा ओव्हन लावायचा का, याबद्दल कोणी बोलत नाही.

मी गेले चार-पाच हिवाळे हे सूप हाताला लागेल त्या भांड्यात करून बघितलंय, कधी मुद्दाम आणि कधी नाइलाजाने (एकदा ओव्हनची कॉइल गेली आणि ऐन थंडीचा महिना कढईवर काढला), त्यामुळे कशात काय मिळतं आणि काय हातचं जातं हे आता बऱ्यापैकी कळलंय.

घाईत असाल तर उत्तर आधीच देऊन टाकतो. सुट्टीचा दिवस आहे, चार माणसं आहेत, भोपळा, गाजर, टोमॅटो असलं काही आहे तर ओव्हन, विचारच करू नका. एक-दोन माणसांपुरतं असेल तर एअर फ्रायर. यातलं काहीच नसेल तर जाड बुडाची कढई, आणि खरं सांगायचं तर कामाच्या दिवशी सगळं असूनही मी कढईच काढतो. नुसत्या गाजराचं किंवा भोपळ्याचं करायचं असेल तर कुकर, पण एका युक्तीने, ती खाली सांगतो. गॅसच्या आचेवर थेट भाजणं ही स्वतंत्र पद्धत म्हणून धरूच नका, ती वरून द्यायची चव आहे. आणि फक्त सूपासाठी म्हणून ओव्हन विकत घ्यायच्या विचारात असाल तर नका घेऊ, बाकी काय काय करणार ते आधी ठरवा.

भाजल्यावर नक्की होतं काय

हे थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. भाजीत पाणी प्रचंड असतं, टोमॅटोत ९४-९५ टक्के, भोपळ्यात ९० च्या आसपास, गाजरात ८८, रताळं बरंच कमी, ७७ वगैरे. भाजीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तिचं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही, सगळी आच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की मग तापमान चढतं आणि १४० च्या पुढे गेलं की तो तपकिरी रंग आणि तो वास सुरू होतो. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन हे घडतं, लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ते पहिल्यांदा मांडलं म्हणून त्याचंच नाव पडलं, मायार रिअ‍ॅक्शन. त्याच्या जोडीला साखर स्वतः जळत जळत कॅरॅमल होते ते वेगळं.

म्हणजे भाजणं म्हणजे काय तर आधी पाणी घालवणं. जी पद्धत पाणी पटकन आणि सगळीकडून घालवते ती जिंकते, आणि ट्रे ठासून भरला की जे फसतं ते याचमुळे फसतं, भाज्या एकमेकींच्या वाफेत शिजतात, भाजल्या जात नाहीत. मग लोक म्हणतात आमचा ओव्हन बेकार आहे. ओव्हन बेकार नसतो, ट्रे छोटा असतो.

ओव्हन आणि एअर फ्रायर समोरासमोर

ओव्हनची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे एका वेळी किलोभर भाजी, सगळीकडून सारखी आच आणि तुमचे हात मोकळे. २०० ते २२० डिग्री, पंखा असेल तर २० ने कमी, तुकडे साधारण इंचभराचे, किलोला दोन मोठे चमचे तेल, एकच थर आणि तुकड्यांत बोटभर जागा. भोपळा, गाजर यांना ३५-४० मिनिटं लागतात, फ्लॉवरला २५-३०, अर्धे केलेले टोमॅटो कापलेली बाजू वर ठेवून ४५ तरी. लसणाचा अख्खा गड्डा वरून थोडा कापून, तेल लावून, फॉइलमध्ये गुंडाळून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात. तो नंतर दाबला की टूथपेस्टसारखा बाहेर येतो आणि अजिबात झोंबत नाही, कारण लसूण ठेचल्यावर झोंबणारा पदार्थ तयार करणारं जे एन्झाइम असतं ते अख्ख्या पाकळीत आच लागून आधीच निकामी झालेलं असतं. सात-आठ पाकळ्या घातल्या तरी सूप लसणाचं वाटत नाही, नुसतं भरलेलं वाटतं.

बटर मात्र ओव्हनमध्ये नको. त्यातला दुधाचा अंश या तापमानाला करपतो आणि कडू होतो, बटर घालायचंच असेल तर शेवटी सूपात घाला, तिथेच त्याची चव कळते.

तोट्यात पहिला वेळ. तापायला १०-१५ मिनिटं, भाजायला ४०, मग सूप, म्हणजे सव्वा तास कुठे गेला नाही. दुसरं म्हणजे वीज, १५०० वॅटचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन) तासभर सलग चालला तर दीड युनिट जातं (थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी), आणि दोन वाट्या सूपासाठी हे जरा जास्तच होतं. तेवढ्याच वॅटचा एअर फ्रायर २० मिनिटांत मोकळा होतो, म्हणजे अर्ध्या युनिटात काम.

एअर फ्रायर म्हणजे तसा छोटा ओव्हनच, पंखा जोरात आणि जागा कमी, म्हणून पाणी झटकन उडतं. १८० ते १९० डिग्रीला १५-२० मिनिटं, मध्ये एकदा हलवलं की झालं, आणि आधी तापवायची फारशी भानगड नाही. पण टोपलीत एका थरात ३००-४०० ग्रॅमच्या वर नीट बसत नाही, त्यामुळे चार माणसांचं करायचं तर तीन फेऱ्या, मग ओव्हनच बरा होता की. दुसरी गोष्ट जी मला फार उशिरा लक्षात आली, एअर फ्रायरमध्ये कडा छान कुरकुरीत होतात पण सूपाला कुरकुरीतपणाचा काय उपयोग? आपण ते वाटूनच टाकणार. आणि टोमॅटो त्यात नीट होत नाही, रस जाळीतून खाली गळतो आणि तळाला करपतो. टोमॅटोसाठी आत बसेल असं छोटं भांडं ठेवावं लागतं, आणि भांडं ठेवलं की खालून वारा लागत नाही, म्हणजे पुन्हा तिथेच.

ओव्हनच्या बाजूने अजून एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. ट्रेला जे तपकिरी चिकटलेलं असतं ना, तीच खरी चव. ट्रे गरम असतानाच कपभर उकळतं पाणी त्यात ओतायचं, लाकडी चमच्याने खरवडायचं आणि ते पाणी सूपात. एअर फ्रायरमध्ये हे जवळपास हाती लागत नाही. फक्त ट्रे काचेचा असेल तर गार पाणी ओतू नका. मी ओतलंय. एक सणसणीत आवाज, ट्रेचे दोन तुकडे आणि सूप कॅन्सल.

मायक्रोवेव्हबद्दल एका ओळीत, साध्या मोडवर भाजी शिजते पण भाजली जात नाही, कन्व्हेक्शन मोड (आत गरम हवा फिरवणारा) असेल तर तो छोटा ओव्हन समजा.

कढई, जिला कोणी विचारत नाही

गॅसवर जाड बुडाची कढई, बिडाची असेल तर उत्तमच, कारण बीड एकदा तापलं की भाजी टाकल्यावर लगेच गार पडत नाही. लोक इथे एक चूक करतात, भाजी आतपर्यंत भाजून शिजवायच्या मागे लागतात, मग एकतर बाहेरून जळते नाहीतर झाकण ठेवून वाफवली जाते. अरे, सूपच करायचंय ना! आत शिजण्याचं काम पाणी करणारच आहे, कढईने फक्त रंग आणायचा. म्हणून भाज्यांना सपाट बाजू राहील असं कापायचं, आच मोठी, तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त, एका वेळी तळ जेमतेम झाकेल एवढीच भाजी, आणि मग दोन-तीन मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. हलवायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. सारखं हलवलं की कुठलीच बाजू पुरेशी तापत नाही आणि भाजी नुसती मऊ पडते.

दोन फेऱ्यांत भाज्या तपकिरी झाल्या की कांदा आणि लसूण त्याच कढईत, मग सगळ्या भाज्या परत टाकून पाणी, झाकण, १२-१५ मिनिटं. एकूण ३५-४० मिनिटांत सूप, म्हणजे ओव्हनच्या अर्ध्या वेळात, पण इथे तुम्ही पूर्ण वेळ उभे आहात, हे लक्षात ठेवा. ओव्हनचा सव्वा तास हा तुमचा दहा मिनिटांचा असतो, कढईची पस्तीस मिनिटं ही पूर्ण तुमची असतात. ज्या दिवशी थकून आलोय त्या दिवशी नक्की कशाची टंचाई आहे, वेळाची की उभं राहायच्या ताकदीची, हे स्वतःला विचारा, तिथेच निर्णय होतो.

चवीत फरक आहे का? आहे. ओव्हनचं सूप सगळीकडून सारखं गोडसर, गोलाईचं लागतं. कढईचं जरा खडबडीत, काही तुकडे गडद, काही फिके, आणि वाटल्यावर त्यातून एक खमंगपणा येतो जो मला जास्त आवडतो. मश्रूम असतील तर मी ओव्हनकडे बघतच नाही, मश्रूम कढईतच. आधी ढीगभर पाणी सोडतात, घाबरायचं नाही, ते आटू द्यायचं आणि मग त्यांचा रंग येतो.

थेट आचेवर

टोमॅटो, सिमला मिरची, वांगं, कणीस यांना जाळीवर किंवा चिमट्यात धरून भाजलं की साल काळी पडते आणि धुराचा वास लागतो, जो बाकी कुठल्याच पद्धतीत येत नाही. पण वांगं सोडलं तर आत भाजी कच्चीच असते किंवा जेमतेम वाफवलेली, ती खोल गोडी येत नाही. नुसत्या आचेवर भाजलेल्या टोमॅटोचं सूप मला कायम अर्धवट वाटलंय, नाकाला छान आणि जिभेला पातळ. म्हणून सूपात एक मिरची किंवा दोन टोमॅटो आचेवर आणि बाकी सगळं दुसऱ्या पद्धतीने, असं जमतं. भाजल्यावर वाडग्यात ठेवून वर ताट झाकायचं, दहा मिनिटांत साल वाफेने सुटते, हाताने काढायची. नळाखाली धरून सोलणारे लोक बघितले की जीव जळतो, सगळी चव मोरीत. थोडे काळे कण राहिले तर राहू देत, फक्त फार राहिले तर सूप कडवट होतं.

कुकरची युक्ती

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल कुकरमध्ये कुठे भाजलं जातं, तिथे तर सगळं पाणी. बरोबर आहे. पण कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० डिग्रीच्या आसपास जातं, म्हणजे १०० ची भिंत तिथे नाही. तरी १२० ला तपकिरी होण्याची क्रिया फार हळू चालते. तिला जोर द्यायला थोडा खाण्याचा सोडा, कारण सोडा अल्कली असतो, म्हणजे आम्लाच्या उलट, आणि अल्कलीत मायार बरीच वेगाने होते. अर्धा किलो गाजराला अर्धा छोटा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, त्याच्यावर अजिबात नाही, नाहीतर साबणासारखी चव येते.

करायचं असं, गाजराचे तुकडे, ४०-५० ग्रॅम बटर, सोडा, मीठ आणि दोन चमचे पाणी एका स्टीलच्या भांड्यात, ते भांडं कुकरमध्ये आणि कुकरच्या तळाला नेहमीसारखं पाणी. सरळ कुकरमध्ये टाकू नका, दोन चमच्यांत बूड करपेल, आणि कुकर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सोड्याने काळा पडतो. प्रेशर आलं की बारीक आचेवर २५-३० मिनिटं, शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. मग गॅस बंद करून प्रेशर आपोआप उतरू द्या. झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही, गाजर गडद सोनेरी-तपकिरी आणि वास टॉफीसारखा. सोड्याने भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा भागही विरघळतो, त्यामुळे वाटायला गेलं की क्षणात लोणी.

ओव्हनच्या तुलनेत हे जास्त गोड, जास्त मऊ आणि एकसुरी. करपलेल्या कडांचा तो हलका कडवटपणा यात नसतो आणि मला तो लागतो, म्हणून मी शेवटी लिंबू आणि भरपूर मिरपूड टाकतो. ज्यांना गोड सूप आवडतं, लहान मुलं, म्हातारी माणसं, त्यांच्यात मात्र हेच जिंकतं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. टोमॅटोला ही युक्ती लागू नाही, आंबटपणाने सोडा फसफसतो आणि संपतो. फ्लॉवर किंवा कोबी तर चुकूनही नाही, बंद कुकरात त्यांचा गंधकाचा वास असा कोंडतो की घरभर कळतं. आणि सोड्याने बी-१ सारखी जीवनसत्त्वं कमी होतात, म्हणून पौष्टिक म्हणून सूप पिणाऱ्यांनी रोज हे करू नये, अधूनमधून चालतंय.

भाजी बघून पद्धत ठरवा, पद्धत बघून भाजी नको

टोमॅटोत पाणी सगळ्यात जास्त, म्हणून त्याला लांब आणि मोकळी आच हवी, ओव्हन. घाई असेल तर कढईत कापलेली बाजू खाली ठेवून, पण मग तेवढा दाट होत नाही. रताळ्याची गंमत वेगळी आहे, त्यातलं एक एन्झाइम साधारण ५७ ते ७५ डिग्रीच्या दरम्यान स्टार्चचं माल्टोज, म्हणजे एक साखर, करतं, म्हणजे रताळं हळूहळू तापलं तर जास्त गोड आणि झटकन तापलं तर कमी. त्यामुळे रताळं अख्खं, सालीसकट, गार ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन चालू करा, कढईत त्याचे तुकडे कधीच तेवढे गोड होत नाहीत. फ्लॉवर उलट, त्याला जोरात आच आणि कमी वेळ. पाण्यात जास्त उकळलं की त्याचा नको तो वास सुटतो, भाजलं की तोच फ्लॉवर काजूसारखा लागतो, म्हणून फ्लॉवरच्या सूपात भाजल्यावर पाणी घालून फार वेळ उकळत बसू नका, पाच मिनिटं बास. बीट ओव्हनमध्ये तासभर तरी घेतं आणि सूपात पडलं की बाकी सगळ्यांचा रंग खाऊन टाकतं, ते एकट्यानेच करायचं.

रंगावरून आठवलं, फ्रीज साफ करायचा म्हणून लाल सिमला मिरची, ब्रोकोली, गाजर असं सगळं एकत्र भाजून वाटू नका. चव येईल, पण रंग चिखलाचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते दिसतंच. लाल-केशरी एकत्र, पांढऱ्या एकत्र, हिरवं वेगळं. ब्रोकोली तर भाजून उकळली की ऑलिव्ह रंगाची होतेच, तिच्या क्लोरोफिलमधलं, म्हणजे हिरव्या रंगद्रव्यातलं, मॅग्नेशियम निघून जातं, त्याला इलाज नाही, मूठभर ताजा पालक शेवटी वाटताना टाकला तर थोडं सावरतं.

आणि एक मधला मार्ग, जो मला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि रेसिपीत क्वचित दिसतो. सगळ्या भाज्या भाजायची गरजच नाही. अर्ध्या भाजायच्या, पण अगदी मनापासून, कडा काळपट होईपर्यंत, आणि उरलेल्या अर्ध्या तशाच पाण्यात शिजवायच्या. मी आधी सगळं भाजायचो, मग एकदा एअर फ्रायरमध्ये बसेना म्हणून उरलेला भोपळा नुसता उकडला, आणि सूप जास्त चांगलं झालं. सगळं भाजलेलं असलं की दोन घोटांनंतर जीभ कंटाळते, अर्ध्यात भाजीची ताजी चवही राहते. यात छोटी टोपली आणि छोटा ओटीजी हे दोन्ही प्रश्न सुटतात. भाजायला कांदा, लसूण, टोमॅटो आणि मुख्य भाजीचा अर्धा भाग, एवढं पुरे.

घट्टपणा: क्रीम, नारळाचं दूध, मसूर की काहीच नको

भोपळा, गाजर, रताळं यांना काहीच लागत नाही, पाणी कमी घाला एवढंच. किलोभर कच्ची भाजी भाजून साधारण दोन तृतीयांश उरते, तिला ६००-७०० मिली पाण्याने सुरुवात करा आणि मग हवं तसं पातळ करा, आधीच लिटरभर ओतून मग आटवत बसणाऱ्यांत मी पण होतो.

टोमॅटो आणि सिमला मिरचीला आधार लागतो. साधं दूध घातलं तर टोमॅटोच्या आंबटपणाने फाटायचा धोका मोठा, जास्त फॅटचं क्रीम त्यापेक्षा खूप टिकतं, तेही गॅस बंद केल्यावर घालायचं. नारळाचं दूध गाजर-भोपळ्यात मस्त, टोमॅटोत मला नाही आवडत, दोघं भांडतात. सालं काढलेला लाल मसूर पाव वाटी भाज्यांबरोबरच शिजवला तर १५-२० मिनिटांत विरघळतो, सूप पोटभरीचं होतं आणि फाटायचा प्रश्नच नाही, रात्रीचं जेवण म्हणून सूप घेणार असाल तर क्रीमपेक्षा मसूर. बटाटा फक्त तेव्हा जेव्हा हाताने घोटणार असाल, कारण मिक्सरच्या पात्याने त्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि सूप डिंकासारखं चिकट होतं.

थोडं तेल-तूप असू द्या, कॅलरीच्या भीतीने एकदम शून्यावर जाऊ नका. गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन फॅटबरोबरच नीट शोषलं जातं.

मिक्सर की हॅन्ड ब्लेंडर

मऊपणात मिक्सर पुढे, वादच नाही. सुरक्षिततेत आणि भांडी घासण्यात हॅन्ड ब्लेंडर. गरम सूप भांडं भरून मिक्सरला लावलं की आत वाफ कोंडते आणि झाकण उडतं, आमच्या स्वयंपाकघरात घड्याळाच्या मागे अजून केशरी डाग आहे. मिक्सर वापरायचाच असेल तर अर्धंच भांडं भरा, झाकणातली मधली टोपी काढून त्यावर कापड धरा, आणि आधी सूप दहा मिनिटं निवू द्या. हॅन्ड ब्लेंडरने सूप थोडं रवाळ राहतं, पण हिवाळ्यात मला तसंच चावायला काहीतरी असलेलं बरं वाटतं. सिमला मिरचीची आणि टोमॅटोची साल मात्र हॅन्ड ब्लेंडरने पूर्ण वाटली जात नाही, ती आधी काढा किंवा मग गाळा.

मीठ वाटल्यावरच फायनल करा. लिटरभर सूपाला सव्वा छोटा चमचा, ७-८ ग्रॅम, हा माझा अंदाज. आणि चव बघून काहीतरी कमी आहे असं वाटलं तर पुन्हा मिठाकडे हात नेण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून बघा, भाजलेल्या भाज्या गोड असतात, त्यांना बऱ्याचदा आंबटच कमी पडलेलं असतं.

उरलं तर

सूप बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, थंडी आहे म्हणून ओट्यावर रात्रभर चालतं असं नाही. उथळ डब्यात काढलं की लवकर निवतं, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने आरामात. क्रीम घालायच्या आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं असतं, थोडं पाणी घालून हलवत गरम करा, न हलवता मोठ्या आचेवर ठेवलं की खाली वाफ अडकून फटकन अंगावर उडतं.

पण सूप साठवायचं की भाजलेल्या भाज्या साठवायच्या, यात मी आता दुसऱ्या बाजूला गेलोय. सुट्टीच्या दिवशी ओव्हन लावलाच तर दोन ट्रे भाजतो, अदलाबदल करत, एकाचं सूप त्याच दिवशी आणि दुसऱ्या ट्रेच्या भाज्या निवल्यावर डब्यात सपाट पसरून फ्रीजरमध्ये. डबा सूपाच्या डब्यापेक्षा खूप कमी जागा घेतो कारण पाणी आपण साठवतच नाही, आणि मधल्या वारी आठ वाजता घरी आलं की त्या तशाच बर्फाळ भाज्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, दहा मिनिटांत ब्लेंडर फिरवायचा. फक्त डब्यावर काय आहे ते लिहून ठेवा, गोठलेला भोपळा आणि गोठलेलं गाजर एकसारखे दिसतात आणि एकदा मी दुसऱ्याच सूपाची तयारी करून बसलो होतो.